दरबारखर्चाचे खाते आणि दिगू टिपणीसचे हसणे

अरुण साधूंच्या 'सिंहासन' (1977) या कादंबरीवर आजवर जे बोलले गेले, त्यात मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्यातल्या झुंजीला मध्यवर्ती जागा मिळाली. ते स्वाभाविकच आहे. पण हीच कादंबरी आज पुन्हा वाचताना एक साधा प्रश्न विचारून पाहावा. या साऱ्या कारस्थानांत डोके चालवण्याचे काम कोण करते, आणि त्याबद्दल त्याला काय मिळते?

उत्तर असे येते की डोके पुढाऱ्याचे स्वतःचेच आहे. त्याच्याभोवती माणसे पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचा धंदा वेगळा. डिकास्टाच्या मागे त्याची युनियन आहे, दिगू टिपणीसच्या मागे त्याचे वर्तमानपत्र. ही माणसे निरोप पोचवतात, अंदाज बांधतात, वजन टाकतात. पण तो त्यांच्या मूळ व्यवसायाचा जोडभाग असतो. केवळ सल्ला विकून, म्हणजे निवडणूक कशी जिंकावी किंवा सरकारकडून निर्णय कसा मिळवावा एवढेच सांगून, पोट भरणारा माणूस या कादंबरीच्या केंद्रात नाही. साधू स्वतः पत्रकार होते. त्यांनी मंत्रालयाच्या आसपास जे पाहिले ते अचूक टिपले, म्हणून याला कादंबरीचा दोष म्हणता येणार नाही. दोष असलाच तर आपल्या वाचनाचा आहे. 'सिंहासन'ची चौकट आपण इतकी आपलीशी केली, की आजचे राजकारणही तिच्यातूनच पाहतो: कोण फुटला, कोण फिरला, खुर्ची कुणाची. या चौकटीत न मावणारा एक पेशा दरम्यान उभा राहिला आहे.

मध्यस्थी आपल्याला नवी नाही. पेशव्यांचा वकील दिल्लीच्या दरबारात असे. हिंगणे घराण्याने ते काम केले. वकील या शब्दाचा तेव्हाचा अर्थ कोर्टातला नव्हे, तर दरबारातला प्रतिनिधी. तो कुणाचा माणूस आहे हे साऱ्यांना ठाऊक असे. दुसरा शब्द 'दरबारखर्च', ज्याला 'अंतस्थ' असेही म्हणत. पेशवाईच्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात या खात्याची गोष्ट आहे. मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप पैसे देण्यासाठी ही रक्कम सुरू झाली. हळूहळू तिचा दर ठरून गेला आणि इतर खर्चाप्रमाणे तिचीही रीतसर तपासणी होऊ लागली. तरीही लाच लागतच होती, म्हणून त्यासाठी पुन्हा वेगळी वसुली सुरू झाली. वरवर रुक्ष दिसणाऱ्या या नोंदीत एका कादंबरीचा ऐवज आहे. चोरटा व्यवहार कालांतराने नियम होतो, आणि नियमाच्या पोटात नवा चोरटा व्यवहार जन्मतो.

याच नोंदीशेजारी दाभोळचे प्रकरण ठेवून पाहावे. 1995 साली एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. भारतातल्या लोकांना प्रकल्पाची गरज समजावण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले, असे त्यांनी सांगितले. त्यासाठी त्यांनी योजलेला शब्द होता 'शिक्षण'. महाराष्ट्रात त्यावर गदारोळ उठला. ही लाच नव्हे, असे कंपनीचे म्हणणे होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा मार्गी लागला. या प्रकरणावर आपल्याकडे राजकीय अंगाने भरपूर लिहिले गेले. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र त्या एका शब्दापाशी थांबायला हवे. 'दरबारखर्च' हा शब्द निदान पैसे कुठे जातात ते सांगत होता. 'शिक्षण' हा शब्द शिकवणारा कोण, शिकणारा कोण आणि परीक्षा कसली, यांपैकी काहीच सांगत नाही. नव्या पेशाचे पहिले कौशल्य भाषेतले आहे, आणि म्हणूनच तो समीक्षेचा विषय होतो.

सरकारकडे गाऱ्हाणे नेण्यात गैर काय, अशी शंका येथे कुणी घेईल. काहीच गैर नाही. साखर कारखान्यांचे संघ, शिक्षकांच्या संघटना उघडपणे मागण्या मांडतातच. फरक उघडपणाचा आहे. अमेरिकेने 1995 सालीच कायदा करून लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी आणि खर्चाचा तपशील देणे बंधनकारक केले. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणूनच 2012 साली वॉलमार्टच्या लॉबिंगवरून आपली संसद तापली, ती अमेरिकेतल्या नोंदींच्या आधारे! आपल्या दरबारातले खाते आपल्याला परक्याच्या वहीत वाचावे लागले.

निवडणुकीच्या बाजूला हाच पेशा अधिक चकचकीत रूपात दिसतो. प्रशांत किशोर यांचा प्रवास सर्वांसमोर आहे. 2014 साली त्यांनी नरेंद्र मोदींच्या प्रचारासाठी काम केले. 2015 साली बिहारमध्ये मोदींच्या विरोधातल्या महाआघाडीसाठी. 2021 साली बंगालमध्ये तृणमूल आणि तामिळनाडूत द्रमुक यांना यश मिळाल्यावर, निकालाच्या दिवशीच त्यांनी हे काम सोडत असल्याचे सांगितले. पुढे 2024 साली बिहारमध्ये स्वतःचा पक्ष काढला, आणि 2025च्या विधानसभा निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना चाणक्य ठरवले होते. उपमा चुकीची होती. आख्यायिकेतला चाणक्य शेंडीची गाठ सोडून एकाच वंशाच्या नाशाची प्रतिज्ञा करतो. त्याचा शत्रू ठरलेला आहे. व्यावसायिक रणनीतिकाराचा शत्रू दर करारागणिक बदलतो. त्याच्याकडे निष्ठा नाही असे म्हणणेही उथळ ठरेल, कारण त्याची निष्ठा कामाशी आहे, जशी वकिलाची वा शल्यविशारदाची असते. पण वकिलाच्या हातून एक खटला जातो. येथे पणाला लागलेली असते ती पाच वर्षांची सत्ता, आणि तिचा जाब मतदाराला द्यावा लागतो तो उमेदवाराने. सल्लागाराचे नाव मतपत्रिकेवर नसते.

ज्याच्या बुद्धीवर निर्णय घडतो पण ज्याला त्याचा जाब द्यावा लागत नाही, अशा माणसाचे मन कसे असते? हा प्रश्न कादंबरीचा आहे. बातमी त्याच्या विजयांची मोजदाद करील, कायदा फार तर त्याचे खाते तपासेल. रात्री घरी परतल्यावर तो स्वतःला काय सांगतो, हे फक्त कल्पित साहित्यच सांगू शकते.

जब्बार पटेलांच्या 'सिंहासन' (1979) चित्रपटाचा शेवट यासाठीच पुन्हा आठवावा. निळू फुले यांनी उभा केलेला दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. त्याला सगळे कळले आहे आणि त्या कळण्याचे करायचे काय हे त्याच्यापाशी नाही. ते हसणे एका नैतिक माणसाचे आहे. आजच्या दिगूला वेडे व्हायची गरज उरलेली नाही. कुणाचे कुठे बिनसले, कुठला मतदारसंघ कुठे कलतो, या त्याच्या माहितीला आता बाजारभाव आहे, करार आहे, कार्यालय आहे. साधूंनी ज्या कसोशीने मंत्रालयाचे जिने पाहिले, त्या कसोशीने हे कार्यालय पाहणारा लेखक मराठीला हवा आहे. त्याने खुर्चीकडे थोडी पाठ करावी आणि एल्फिन्स्टनप्रमाणे आधी हिशेबाची वही मागावी.