राणीछाप रुपयाची झीज

१८६२ सालचा राणीछाप रुपया समोर आला की जुना सराफ आधी तो दगडावर टाकून वाजवतो. चांदीचा नाद लांबत जातो, शिशाचा रुपया बद्द वाजून थांबतो. पण हल्लीचे नकली रुपये शिशाचे नसतात आणि चीर गेलेला अस्सलही बद्दच वाजतो, तेव्हा एकट्या कानावर विसंबण्यात अर्थ नाही.

वजन तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. नुसतं वजन जुळवणं खोटं करणाऱ्याला जड नाही. पंचाईत होते ती पाण्यात. डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि रुपया बारीक दोऱ्याने, तळाला टेकू न देता बुडवावा. अस्सल रुपयाला आकडा १.१३ ग्रॅमच्या आसपास थांबतो. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा तुकडा जास्त जागा घेतो; आकडा १.३ च्या वर जातो.

खरी मौज मात्र भिंगाखाली आहे. ठशाने दाबून काढलेल्या अक्षराच्या भिंती सरळ उभ्या राहतात. ओतीव अक्षर पायाशी गोलावतं, आसपास सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात, कडेच्या दात्यांमध्ये साच्याचा सांधा कानशीने घासलेला सापडतो. आणि झीज! माझ्या मते झिजेइतकं प्रामाणिक काहीच नाही. हजारो हातांतून गेलेल्या रुपयावर राणीचा गाल आणि केसांचा उंचवटा सपाट झालेला असतो, पण पोशाखावरच्या वेलबुट्टीच्या खोबणीत, अक्षरांच्या बेचक्यात टांकसाळीतली धार अजून शाबूत असते. झिजलेल्या रुपयावरून ओतलेली नक्कल खोबणीतही तितकीच मऊ असते. काळपटपणाचंही तसंच: वापरातल्या रुपयावर तो खाचांत साठतो, उंचवट्यांवरून बोटांनी पुसला जातो. रसायनाने आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा बसतो. चिंच लावून रुपया लखलखीत करणारे तर आपल्या हाताने पुरावाच धुऊन टाकतात.

एक तपासणी फुकटची आहे. १८६२ नंतर बारा वर्षं रुपयावर तेच साल ठोकलं जात होतं. साल बदललं ते १८७४ मध्ये, आणि १८७७ पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आली. त्यामुळे कोणी १८६८ सालचा राणीछाप रुपया हौसेने पुढे केला, तर भिंग खिशातून काढायचंही कारण नाही.