‘डस्ट’ म्हणजे धूळच काय?

इंग्रजीच्या पहिल्या-दुसऱ्या पुस्तकांत जे शब्द मुलें तोंडपाठ करतात, त्यांतलाच ‘डस्ट’ हा एक आहे. डस्ट म्हणजे धूळ, एवढें एकदां घोकलें कीं जन्मभर तो पुन्हां कोशांत पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. कठीण शब्द वाचकास थांबवितात, म्हणून ते फारसे फसवीत नाहींत. फसवितात ते असले सोपे शब्द. ह्याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास एका मोठ्या कादंबरीच्या वाचनांत आला.

ती कादंबरी म्हणजे डिकन्सची ‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’. मे १८६४ पासून नोव्हेंबर १८६५ पर्यंत ती मासिक भागांनीं प्रसिद्ध झाली, आणि त्यानें पूर्ण केलेली ती शेवटचीच कादंबरी होय. तींत हार्मन नांवाचा एक कृपण म्हातारा ‘डस्ट’च्या व्यापारावर गबर झालेला असतो, त्याच्या घराच्या आवारांत त्या ‘डस्ट’चे डोंगर उभे असतात. कॉलेजांत असतांना आम्हीं ही कादंबरी प्रथम वाचली. हे डोंगर धुळीचे, असें आम्ही समजलों. आणि धूळ विकून श्रीमंत होणारा मनुष्य म्हणजे धनाच्या निःसारतेवर रचलेलें एक रूपक, असें ठरवून मोकळे झालों. परीक्षेंतही तेंच लिहिलें, आणि त्यास गुणही बरे मिळाले! रूपक तेथें नाहीं असें नाहीं; परंतु तें ज्या जमिनीवर उभें आहे ती जमीनच आम्हांस दिसली नव्हती.

कारण त्या काळच्या लंडनमध्यें ह्या व्यापारांतील ‘डस्ट’ म्हणजे वाऱ्यानें उडणारी धूळ नव्हे. घरोघरच्या शेगड्यांतून निघणारी दगडी कोळशाची राख, अर्धवट जळालेले कोळसे, आणि त्यांबरोबर फेंकलेलीं हाडें, चिंध्या, फुटकीं भांडीं, शिंपले ह्या साऱ्यांस मिळून तो शब्द लावीत. लंडनच्या गोरगरिबांविषयीं हेन्री मेह्यू ह्याचा १८५१ चा जो प्रसिद्ध ग्रंथ आहे, त्यांत ह्या धंद्याचें सविस्तर वर्णन सांपडतें. ‘डस्टमन’ घरोघर जाऊन राख गाडींत भरी. मक्तेदाराच्या आवारांत तिचे ढीग पडत. तेथें बायका लोखंडी चाळण्यांनीं ती चाळीत. बारीक राख विटांच्या मातींत मिसळण्यास आणि खतास जाई, जाडे कोळसे विटा भाजण्यास लागत. हाडें, चिंध्या आणि मोडकें लोखंड ह्यांचीं गिऱ्हाइकें निराळीं. एके काळीं तर हा कचरा उचलण्याच्या हक्काबद्दल मक्तेदारच पॅरिशला पैसे देत. मग हार्मनच्या संपत्तीचें नवल तें काय! खुद्द डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकांत आर. एच. हॉर्न ह्याचा ह्या ढिगांवरील लेख १८५० सालींच आला होता. ज्यास आम्ही कविकल्पना समजलों, तो सरळ जमाखर्चाचा विषय होता. त्यांत आणखी मौज अशी कीं बाजारी इंग्रजींत ‘डस्ट’ म्हणजे रोकड असाही एक अर्थ रूढ होता.

ह्या शब्दानें चकविलें तें केवळ परक्यांनाच, असें मात्र नाहीं. हम्फ्री हाउस ह्या इंग्रज टीकाकारानें १९४१ च्या ‘द डिकन्स वर्ल्ड’ ह्या पुस्तकांत असें मत मांडलें कीं, शौचकूपांतील मैला उचलणें हेंही ह्या मक्तेदारांचें एक मुख्य काम असे. मग काय, पैसा आणि विष्ठा ह्यांच्या नात्यावर टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली. मेह्यूनें मैला उपसणाऱ्यांचा धंदा वेगळा वर्णिला आहे, आणि हाउसच्या मतास पुढें आक्षेपही घेण्यांत आले. आमचा कल मेह्यूकडे आहे. कारण राखेंत मैला कालवला तर ती चाळतां कशी येईल, हें आम्हांस उमगत नाहीं.

परंतु ‘डस्ट’चा दुसरा अर्थ राखेहूनही जुना आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलांत देव मनुष्यास ‘डस्ट’पासून घडवितो आणि शेवटीं तो ‘डस्ट’मध्येंच परत जातो. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ सुटी, कोरडी माती असा आहे. आणि प्रचलित मराठी बायबलांत ह्या ठिकाणीं ‘माती’ हाच शब्द योजिला आहे, तो सर्वथा योग्य होय. आपल्याकडे मेलेल्यास मूठमाती देतात. धुळीस मिळतें तें राज्य, नाहीं तर अब्रू. धुळीकडे आपण मृत्यूच्या नात्यानें फारसें पाहत नाहीं. उलट गोरज मुहूर्त, चरणरज, पंढरीस पोंचलेल्या वारकऱ्याची धूळभेट ह्यांत ती पवित्रच ठरते. संतांच्या पायधुळीसाठीं आपण मस्तक नमवितों. शुभवर्तमानांत मात्र, जें घर शिष्यांस थारा देणार नाहीं त्याच्या दारांतून निघतांना पायांची धूळ झटकून टाकण्याची आज्ञा आहे. एकाच वस्तूचा हा केवढा भिन्न आदर!

समानार्थी म्हणून कोशांत जे शब्द येतात ते खरे समान नव्हेतच. ‘पावडर’ मुद्दाम कुटून करावी लागते, म्हणून ती पूड किंवा चूर्ण. ‘ग्रिट’ दातांखालीं कचकचते. ‘डर्ट’ला घाणीचा वास आहे. ‘पोलन’ म्हणजे पराग, पण लॅटिनमध्यें त्याचा अर्थ बारीक पीठ असा होता. क्रियापदाची तर गंमतच आहे: टेबल ‘डस्ट’ केलें तर धूळ जाते, आणि केक ‘डस्ट’ केला तर त्यावर साखर भुरभुरली जाते!

आतां भाषांतरकारानें काय करावें? ‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’चें पहिलें प्रकरण टेम्स नदींतून प्रेत ओढून नेणाऱ्या होडीनें उघडतें, आणि दुसऱ्यांत त्या ढिगांची व इस्टेटीची हकीकत येते. प्रेत हेंही ‘डस्ट’ आणि इस्टेट हीही ‘डस्ट’. सारी कादंबरी ह्या एका शब्दाच्या बिजागरीवर फिरते. ‘धुळीचे ढीग’ असें लिहिलें कीं ती बिजागरीच निखळते, आणि वाचकाच्या हातीं आमच्यासारखेंच एक पोकळ रूपक उरतें. ढिगांस ‘उकिरडा’ म्हणावें, असें आम्हांस वाटतें. बारा वर्षांनीं उकिरड्याचाही पांग फिटतो ह्या म्हणीमुळें संपत्तीची बाजू आपोआप सांभाळली जाते. पण उकिरड्यांत मरणाची सूचना नाहीं. जेथें डिकन्स श्लेष साधतो तेथें ‘माती’च हवी, कारण आपल्या बोलण्यांत मातीचें सोनें होतें, सोन्याची माती होते आणि शेवटीं माणसाचीही मातीच होते. राखेचा वास तींत नाहीं, एवढा तोटा सोसावा लागेल.

अडचण राहते ती हार्मनचा जुना नोकर बॉफिन ह्याची. धन्याची मालमत्ता हातीं आल्यावर लोक त्यास ‘गोल्डन डस्टमन’ म्हणूं लागतात. ‘सोन्याचा केरवाला’ असें आम्हीं एकदां लिहून पाहिलें आणि खोडून टाकलें. ‘उकिरड्याचा कुबेर’ हें त्यांतल्या त्यांत बरें वाटलें. पण बॉफिनचा भोळेपणा त्यांत येत नाहीं, आणि त्या भोळ्या माणसाचें नांव असें दरबारी थाटाचें करावें, ह्यास आमचें मन अजून धजत नाहीं.