रानातली शाळा : पालकांचे काय करायचे?

मृगाचा पहिला पाऊस पडून दोन दिवस झाले होते. मुरगूडच्या सर पिराजीराव तलावाच्या काठावर आम्ही काही शिक्षक, बालवाडीच्या वयाची दहा-बारा मुले आणि त्यांचे पालक असे जमलो होतो. ओल्या मातीवर मखमली लाल ठिपके चालताना दिसले आणि मुले तिथेच उकिडवी बसली. एका मुलीने एक ठिपका तळहातावर घेऊन त्याचे पाय मोजायला सुरुवात केली. पाच, सहा... तेवढ्यात वडील म्हणाले, "अगं, मृगाचा किडा हाय त्यो. सोड खाली." मोजणी सहावर थांबली.

ती आणखी दोनने पुढे गेली असती तर एका गमतीच्या प्रश्नाशी पोचली असती. मृगाच्या किड्याला पाय असतात आठ, कीटकांना सहा. म्हणजे नावात किडा असला तरी हा कीटक नव्हे, तो कोळी, विंचू, गोचीड यांच्या गणगोतातला. एरवी जमिनीत राहणारा हा जीव पावसाने माती भिजली की वर येतो, भक्ष्य आणि जोडीदार शोधतो आणि थोड्याच दिवसांत दिसेनासा होतो. त्याच्या पिल्लांना मात्र सहाच पाय असतात, तेव्हा 'सहा' हे उत्तरही अगदीच वाया जात नाही! अर्थात हे सारे पाच वर्षांच्या मुलीला सांगायची घाई नव्हती. तिला आठपर्यंत पोचू द्यायचे होते, इतकेच.

लहान मुलांना आणि पालकांना एकत्र रानात नेण्याचे वर्ग हल्ली आपल्या मोठ्या शहरांतही भरतात. 'जंगलशाळा' ही कल्पना डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकात रुजली. १९९३ साली इंग्लंडमधील ब्रिजवॉटर कॉलेजची मंडळी ती पाहून आली आणि तिकडेही तिचा प्रसार झाला. तिचा गाभा साधा आहे. त्याच जागी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ऋतूंत जायचे. काय करायचे ते मुलाने ठरवायचे. मोठ्यांनी जवळ राहायचे पण मध्ये पडायचे नाही. आपल्याकडे येताना यातले जंगल तेवढे आले आणि 'पुन्हा पुन्हा' वाटेत राहून गेले, अशी आमची तक्रार आहे. शुल्क भरून एका रविवारी जायचे, चिखलातला फोटो काढायचा, पानांचा चिकटकागद करून परतायचे. वनभोजनात आणि यात फरक तो काय? वनभोजनात निदान पिठलंभाकरी तरी मिळते.

आपल्या मातीत याहून धीट प्रयोग होऊन गेलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले अंगणातही येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. झाडाखाली भरते म्हणून तिचे कौतुक नव्हते. मुले जिथे होती तिथे ती गेली. पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले, पण कित्येक ठिकाणी त्यातले अंगणच हरवले आणि उरली एक खोली.

तरी कुरणशाळा जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणणार नाही. तिथली मुले रानात होती ती कामापायी, आवडीने नव्हे, हे विसरून तिचे गोडवे गाणे बरे नाही. आम्हाला मोलाचे वाटते ते अंगण. आया-आज्या शेजारी वावरत असताना शिकणे. जंगलशाळेचे पालक बहुधा प्रेक्षक असतात, नाहीतर फोटो काढणारे. मुरगूडकडचे पालक तसे नाहीत, आणि खरी अडचण नेमकी तिथे आहे. त्यांना रान इतके ठाऊक असते की मुलाने विचारायच्या आत उत्तर तयार! कुर्डू कुठला, टाकळा कुठला, केना कुठला, हे आमच्यातल्या विज्ञानशिक्षकाला त्या दिवशी एका आजीने शिकवले. त्या आजीला 'पालकांसाठी मार्गदर्शन' असा कागद वाटायला आम्ही निघालो होतो, याची आता लाज वाटते. कागद पिशवीतच राहिले.

भीतीचे काय, असे शिक्षक विचारतील. उसाच्या मुलखात घोणस आहे, नाग आहे. वडिलांचे 'सोड खाली' हे प्रेमापोटीच होते. म्हणून जागा आधी मोठ्यांनी पाहून घ्यावी. दाट गवत, दगडांचे ढीग टाळावेत, पाण्याच्या बाजूला कायम एक मोठे माणूस उभे राहावे. त्यासाठी दाजीपूरचे अभयारण्य गाठायची गरज नाही. गव्यांपेक्षा बांधावरचा मुंगळा पाच वर्षांच्या मुलाला जवळचा. नव्या शैक्षणिक धोरणातले दहा 'दप्तराविना दिवस' सहावी ते आठवीसाठी आहेत, बालवाडीला तर दप्तरच नको.

पुढच्या खेपेला आम्ही पालकांना एकच काम दिले : मुलाने विचारल्याशिवाय नाव सांगायचे नाही. अर्धा तास बहुतेकांनी कसाबसा तोंड मिटून काढला. आजीबाई मात्र दहाव्या मिनिटाला बोलल्या. पण त्या नाव सांगत नव्हत्या. "पाय किती हायत रं त्याला?" असे विचारत होत्या.