आधी लगीन तव्याचं

‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं’ हे तानाजींचे उद्गार आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांच्या जागी हल्लीच्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमचा नायक असता, तर त्याने आधी रायबाचं लग्न लावलं असतं, मग वऱ्हाडातल्या कुणाची हरवलेली शेळी शोधली असती, मग एखाद्या आजीबाईंचा तवा आणून दिला असता. कोंढाणा काय, जातोय कुठे!

आजीबाईंचा तवा ही थाप नव्हे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने २०१५ साली ‘द विचर ३’ काढला. त्यातला गेराल्ट हा राक्षस मारण्याचा धंदा करणारा गृहस्थ, जिवाची माणसं शोधायला निघालेला. सुरुवातीच्याच गावात एक म्हातारी त्याला ‘माझा तवा तेवढा आण’ म्हणते आणि हा जातो! पुढे पोटच्या पोरीसारख्या सिरीच्या मागे काळ लागलेला असताना हा खानावळीत पत्ते कुटत बसतो. अर्थात बसवतो आपणच.

आमच्या पेणकरपाड्यात याचं कुणाला नवल नाही. मीरा रोड स्टेशनला निघालेला माणूस गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत एकाचं दळण, दुसऱ्याचं लाइट बिल आणि तिसऱ्याच्या मुलीसाठी स्थळाची चौकशी अंगावर घेतो. फरक एवढाच, की आमची लोकल कुणासाठी थांबत नाही. गेममधली थांबते, आणि माझी खरी तक्रार हीच. २०१७ सालच्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये राजकन्या १०० वर्षं एकटीने संकट थोपवून उभी आहे. आपण अळंबी गोळा करून शिजवत आणखी वर्षभर काढलं, तरी बिचारी हूं की चूं करीत नाही. मोकळीक फुकट मिळाली की निवडीला अर्थ उरत नाही. १९९७ सालच्या ‘फॉलआउट’ला हे कळलं होतं: पाण्याच्या यंत्राचा सुटा भाग १५० दिवसांत आणा, नाहीतर तळघरातली वस्ती तहानेनं मेली!

उलट टोकाला पुण्यात तयार झालेला ‘राजी’ (२०२०). पळवलेल्या भावाला शोधायचं, रस्ता सरळ. घाई खरी वाटते, पण वाट वाकडी करायची सोय नाही.

मग आडवाट असावी कशी? महाभारताला विचारा. आदिपर्वच सांगतं, की उपाख्यानं वगळली तर भारत २४,००० श्लोकांचं. म्हणजे आडवाटांचा मोह व्यासांनाही सुटला नाही. पण द्यूतात सर्वस्व घालवून वनात बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी गोष्ट कुणाची सांगतात? नलाची. तोही द्यूतातच बुडालेला! वर गोष्ट संपल्यावर द्यूतविद्याही शिकवतात. आडवाट फिरून मूळ दुःखालाच येऊन मिळते.

गेराल्टलाही अशी एक वाट भेटते. दारूच्या नशेत बायकोवर हात टाकणारा, बायको-मुलगी दोघीही निघून गेलेला एक सरदार म्हणतो, आधी माझी माणसं शोध, मग तुझ्या सिरीचं सांगतो. लेकीच्या शोधातला एक बाप, दुसऱ्याने लेक कशी गमावली ते बघत फिरतो. तिथे मात्र हातातला चहा निवला तरी आपल्याला कळत नाही. असा तवा मी दहा वेळा आणून देईन.