कपात मळा उतरतो का?

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडून, आज कॉफीचे पाव किलोचे पाकीट घेतले, तर त्यावर मळ्याचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचे वाण, फळावर केलेली प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख अशी सगळी माहिती असते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी असे पाकीट भारतात निघणे जवळजवळ अशक्य होते. 1942 च्या कॉफी कायद्याखाली मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात, ‘पूल’मध्ये, जमा करावा लागे. महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ तुटली होती, भाव पडले होते. त्या काळात या व्यवस्थेने मळे तगवले, हे मान्यच केले पाहिजे. पण पूलमध्ये गेलेल्या कॉफीची वर्गवारी प्रकार आणि दाण्याचा आकार पाहून होई, आणि ती कोणाच्या मळ्यातली हे तिथेच पुसले जाई. एखाद्याने निगुतीने पिकवलेला आंबेमोहोर गावच्या सगळ्या तांदळात मिसळून विकावा, तसाच हा प्रकार. चवीसाठी जास्त राबावे, असे कारणच उरले नव्हते. 1990 च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि 1996 पर्यंत सगळ्या मळेवाल्यांना माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. भारतातली स्पेशालिटी कॉफी या मोकळिकीतून उगवली आहे.

म्हणूनच तिची पारख करताना मी एकच निकष लावतो: मळ्यावर झालेले काम कपात उतरते का? जे त्याला वाट करून देते ते चांगले आणि जे त्यावर पांघरूण घालते ते टाळावे. उपकरणाची किंमत, कॅफेची सजावट, पाकिटावरचे गुण या सगळ्यांचा विचार नंतरचा.

हा निकष मूळ कल्पनेतच आहे. ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्दप्रयोग 1974 मध्ये एर्ना क्नुट्सेन यांनी अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकात रूढ केला. विशिष्ट जागेचे हवामान विशिष्ट चवीची बी देते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याला मोजमाप आले. वाटीत दळलेली कॉफी घ्यायची, वर गरम पाणी ओतायचे, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने फोडून वास घ्यायचा, मग चमचाभर द्रव जोरात ओढून जिभेवर पसरवायचा आणि शंभरपैकी गुण द्यायचे. 80 किंवा त्याहून अधिक गुण मिळाले की कॉफी स्पेशालिटी. या पद्धतीने मळेवाल्याला आणि खरेदीदाराला एक समान भाषा दिली. पण तिचा तोटाही झाला: 86 ची कॉफी 84 पेक्षा ‘चांगली’, असे गिऱ्हाईक समजू लागले. आता खुद्द स्पेशालिटी कॉफी असोसिएशननेच मूल्यमापनाची नवी रीत आणली आहे. कॉफीत काय आहे याचे वर्णन आणि ती आवडली की नाही हा कौल, यांची नोंद त्यात वेगवेगळी होते. ही दुरुस्ती योग्य आहे. घरी पिणाऱ्याने तर गुणांकडे पाहूच नये.

पाहायचे ते मळ्याकडे. चिक्कमगळूर, कोडगू, हासन, तमिळनाडूतले येरकाड, आंध्रातले अराकू हे आपले कॉफीचे प्रदेश. महाराष्ट्रातही मेळघाटातल्या चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक असते. पण आजच्या चवीवर त्याहून मोठा हात बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राचा आहे. 1925 मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने 1940 च्या दशकात एस. 795 हे वाण दिले. तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देणारे, गोडसर, मसाल्याची झाक असलेले हे वाण भारतातल्या अरेबिका या कॉफीच्या जातीचा कणा आहे आणि इंडोनेशियातही लावले जाते. त्याच केंद्राचे सिलेक्शन 9 इथिओपियातले एक वाण आणि तिमोरचा संकर यांतून आले; ते नीट पिकले आणि नीट भाजले की फुलांचा आणि लिंबाचा हलका सुगंध देते.

आपली कॉफी सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओक, फणस, पांगारा, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल आणि खाली कॉफी. मार्च-एप्रिलमध्ये एक चांगला पाऊस पडला की झाडे पांढऱ्या फुलांनी भरतात, आणि अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत चालते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि लाल फळे एकत्र असतात. फक्त पिकलेली लाल फळे तोडायची तर त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावे लागते. स्पेशालिटी कॉफीच्या चवीचा मोठा हिस्सा या फेऱ्यांत, म्हणजे तोडणाऱ्या बायकांच्या हातात आणि नजरेत असतो. पाकिटावर उंची छापली जाते. ही मेहनत मात्र छापली जात नाही.

गेल्या दशकभरात हे काम शहरांपर्यंत आणण्याचे श्रेय रोस्टरांना आहे. 2013 मध्ये दिल्लीत ब्लू टोकाई सुरू झाली आणि मळ्याचे नाव व भाजल्याची तारीख पाकिटावर असणे हा रिवाज बनला. मुंबईत कोइनोनिया आणि सबको, नागपुरात कॉरिडॉर सेव्हन यांनी तो पुढे नेला. अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी 2017 मध्ये पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाच्या दुकानात पोचली. ज्या देशातली दोन तृतीयांशाहून अधिक कॉफी निर्यात होते, त्या देशात उत्तम माल घरच्या लोकांसाठी राखून ठेवला जाणे हा मोठाच बदल आहे.

माझी तक्रार आहे ती प्रक्रियेच्या नव्या हौसेबद्दल. फळातून बी काढून धुऊन वाळवणे ही ‘वॉश्ड’ पद्धत, आख्खे फळ वाळवणे ही ‘नॅचरल’, गर थोडा ठेवून वाळवणे ही ‘हनी’. या तिन्ही जुन्या आणि सिद्ध पद्धती आहेत. आता हवाबंद टाकीत दिवसचे दिवस आंबवणे, बाहेरचे यीस्ट घालणे, फळांचा गर मिसळणे यांची चढाओढ लागली आहे. हेतू समजण्यासारखा आहे. आपले मळे इथिओपिया किंवा कोलंबियातल्या मळ्यांइतके उंचावर नाहीत. आंबवण्याने साध्या बीलाही ठसठशीत सुगंध येतो आणि मळेवाल्याला चार पैसे जास्त मिळतात. काही मळेवाले हे काम फार विचाराने करतात, आणि त्यांच्या कपात वाण हरवत नाही, उलट उजळते. पण यांतल्या बऱ्याच कॉफ्या डोळे मिटून प्यायल्या तर एकसारख्याच लागतात: अतिपिकलेले अननस, वाइन, च्युइंगम. वाण, जमीन, हवा हे सगळे त्या वासाखाली जाते. पूलमध्ये मळा हरवत होता. आता टाकीत हरवतो आहे. ज्यांना भारतीय कॉफीची ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी सुरुवात वॉश्ड एस. 795 ने करावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट रोबस्टाची, म्हणजे कॉफीच्या दुसऱ्या मुख्य जातीची. भारतातल्या कॉफीत साधारण सत्तर टक्के रोबस्टा असते, आणि तरी स्पेशालिटीच्या दुकानांत तिला बराच काळ मागच्या दारानेच प्रवेश होता. धुऊन, सावलीत वाढवून, निवडून केलेली भारतीय रोबस्टा इटलीतल्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत वर्षानुवर्षे मानाने वापरली जाते. तिच्यात फळांचा आंबटपणा नसतो. कोको, भाजलेले शेंगदाणे आणि दाट अंग असते. कीड आणि बदलते हवामान यांमुळे अरेबिका पिकवणे कठीण होत चालले आहे. त्यात खोडकिड्याने झाडेच्या झाडे जातात. अशा वेळी चांगल्या रोबस्टाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. काही रोस्टर आता एका मळ्याची रोबस्टा नावानिशी विकू लागले आहेत. या दशकातली ही सर्वांत आशेची घडामोड आहे.

आता घराकडे. साखळीतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे आणि सुधारायला सर्वांत सोपाही. पाकीट घेताना भाजल्याची तारीख पाहा. फक्त ‘पॅक केल्याची’ तारीख असेल तर ठेवून द्या. भाजल्यावर बीतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून आठवडाभर थांबलेले बरे. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात पाकीट संपवावे. पाव किलोच घ्यावी आणि बियाच घ्याव्यात, कारण दळलेली कॉफी काही दिवसांतच मरगळते.

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले ग्राइंडरवर करा. मिक्सरच्या भांड्याचे पाते बी फोडते, दळत नाही. तिथला चुरा बोटांत घेऊन पाहिला तर पिठासारखी धूळ आणि ज्वारीएवढे तुकडे एकत्र दिसतात. धुळीतून कडूपणा आधी उतरतो, तुकड्यांतून काहीच नीट उतरत नाही, आणि कपात कडू व आंबट दोन्ही चवी एकदम येतात. दोन दातेरी कड्यांमध्ये बी दळणारा हाताचा ग्राइंडर हा दोष घालवतो. तो घेतल्यावर पुढचे साहित्य अगदी साधे असले तरी चालते.

पाण्याचे तसेच. मुंबईचे धरणाचे पाणी मृदू आहे, त्यात कॉफी मोकळी उमलते. मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यात तीच कॉफी मठ्ठ लागते, आणि आरओच्या जवळजवळ क्षार नसलेल्या पाण्यात पोकळ. बोअरचे थोडे पाणी आरओच्या पाण्यात मिसळून चव घेत घेत प्रमाण ठरवणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे.

करायची रीत थोडक्यात अशी. 15 ग्रॅम कॉफी जाड साखरेएवढी दळावी. कागदी फिल्टर गरम पाण्याने धुऊन त्यात ती घालावी. उकळी आलेले पाणी अर्धा मिनिट निवू द्यावे. आधी 40 मिलिलिटर पाणी ओतून 40 सेकंद थांबावे; कॉफी ताजी असेल तर ती फुगून वर येते. मग दोन-तीन वेळा सावकाश ओतत 240 मिलिलिटरपर्यंत जावे. सगळे तीन मिनिटांच्या आसपास उतरले पाहिजे. कप आंबट आणि पातळ लागला तर पुढच्या वेळी थोडे बारीक दळा. कडू आणि घसा कोरडा करणारा लागला तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. 2016 चा जागतिक ब्रूअर्स कप जिंकणाऱ्या तेत्सु कासुया यांची पाणी 40 आणि 60 टक्क्यांत विभागून ओतण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. पण दळणे आणि पाणी जमल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

पहिला घोट गरम असताना घ्या, मग कप पाच-सात मिनिटे तसाच ठेवा. वॉश्ड एस. 795 गरम असताना भाजक्या बदामाच्या अंगाने जाते. कोमट झाली की गुळाचा गोडवा आणि चिंचेसारखा मंद आंबटपणा पुढे येतो, शेवटी किंचित मिरी. वाईट कॉफी निवताना उघडी पडते, चांगली खुलते. पाकिटावर ब्लूबेरी आणि बर्गमॉट लिहिलेले असले तरी आपली जीभ जांभूळ, करवंद, कोकम, चिकू यांवर घडलेली आहे. चवींची नोंद त्याच ओळखींतून करावी.

दूध घालणाऱ्यांना कमी लेखायचे कारण नाही. पितळी फिल्टरचे डिकॉक्शन ही दक्षिणेची स्वतःची, घट्ट आणि विचारपूर्वक बसवलेली रीत आहे. प्रश्न फक्त चिकोरीचा. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निम्म्याहून किंचित जास्त असली तरी चालते, म्हणून प्रमाण वाचून घ्यावे. त्याच फिल्टरमध्ये जरा गडद भाजलेली, बिनचिकोरीची रोबस्टा-अरेबिका घालून पाहावी. दूध घालूनही मळा ओळखू येतो.

शेवटचा मुद्दा पैशाचा. 2024-25 मध्ये जगभर कच्च्या कॉफीचे भाव विक्रमी पातळीवर गेले. मळेवाल्याला साध्या मालाचेच इतके पैसे मिळू लागले, की मजुरांची टंचाई असताना त्याच झाडाकडे चार वेळा माणसे पाठवण्याचे आकर्षण कमी झाले. स्पेशालिटी कॉफीपुढचा खरा धोका हा आहे. रोस्टर उंची छापतात, चवी छापतात. त्यांनी तोडणीचा महिना आणि मळ्याला दिलेला भावही छापावा. आणि आपण, पाव किलोला पाचशे-सातशे रुपये मोजणाऱ्यांनी, तो विचारावा. आंबवण्याच्या नव्या प्रयोगांपेक्षा आणि महागड्या किटल्यांपेक्षा या दोन ओळींनी भारतीय कॉफी जास्त सुधारेल. लाल फळ निवडून तोडण्याचे मोल ज्या दिवशी झाडाखाली उभ्या असलेल्या बाईच्या मजुरीत दिसेल, त्या दिवशी ही कला शहरातल्या हौसेच्या पुढे गेली असे म्हणता येईल.