टाक्यावर भार नको

रिपस्टॉप नायलॉनचं सव्वातीन मीटर लांब, दीड मीटर रुंद कापड, चार शिवणी आणि दोन दोऱ्या. घरी शिवलेला कॅम्पिंगचा हॅमॉक म्हणजे एवढंच. त्यातली प्रत्येक शिवण नीट वाचावी अशी असते, कारण झाडांना बांधलेल्या दोऱ्या जमिनीशी तीस अंशांचा कोन करत असतील, तर ऐंशी किलोच्या माणसाचा जवळजवळ ऐंशी किलो ताण प्रत्येक टोकावर येतो. दोरी आणखी आडवी ताणली, पंधरा अंशांवर आणली, की तोच ताण दीडशे किलोच्या वर जातो.

शिवण भक्कम हवी म्हटलं की हात जाड दोऱ्याकडे आणि बारीक टाक्याकडे जातो. पण टाका फार बारीक घेतला तर पातळ नायलॉनवर भोकांची रांग पडते आणि कापड त्याच रेषेत फाटतं. टाका तीन मिलिमीटरच्या आसपास, दोरा पॉलिएस्टरचा आणि सुई नवी, एवढं पुरतं. खरी ताकद कापडाच्या घडीत असते.

पन्हा अपुरा पडून दोन पट्ट्या जोडायच्या झाल्या, तर हे स्पष्ट दिसतं. साध्या शिवणीत ताण आला की दोन कडांमध्ये उघडा पडतो तो दोराच. फ्रेंच शिवण देखणी असते, सुटे धागे पोटात घेते, पण ओढ पुन्हा एकाच टिपेवर. चपट्या शिवणीत मात्र एक कड अरुंद कापून दुसरी तिच्यावरून वळवतात, आडवी निजवतात आणि वरून दुसरी टीप मारतात. दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. ओढलं की कापड कापडाला धरतं. अनेक जीन्सवर दिसणारी दुहेरी टिपेची शिवण ती हीच. जोड मात्र लांबीच्या दिशेनंच असावा. आडवा जोड सगळा भार अंगावर घेतो, म्हणून तो टाळावाच.

लांब बाजूंना दुहेरी दुमड आणि एक टीप पुरते. भार तिला समांतर धावतो. नायलॉन ताणतं, म्हणून तिथला दोरा फार आवळू नये.

मला सर्वांत आवडतो तो टोकाचा नेफा. त्यात बारीक दोरी ओवून कापड चुणून घेतात आणि मुख्य दोरी नेफ्याच्या आतल्या बाजूला, चुणलेल्या कापडाभोवती आवळतात. भार कापडातून थेट दोरीवर उतरतो. नेफा फक्त ती निसटू देत नाही. टाक्यांना जवळपास काहीच सोसावं लागत नाही, आणि या साऱ्या शिवणकामातली शहाणी गोष्ट तीच आहे.

शिवायला बसण्याआधी त्याच कापडाच्या कतरणीवर एक जोड शिवा आणि दोन्ही हातांनी आडवा ओढा. टाक्यांची भोकं लांबट झाली, तर ती शिवण हॅमॉकवर घालू नका. आणि पहिल्यांदा बांधाल तेव्हा तो गुडघ्याच्या खालीच बांधा.