दोन विद्यापीठं, दोन नावं

आपण आज पहूरला बसलोय. इथून एक रस्ता जळगावला जातो, दुसरा अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला. दोन्ही टोकांना विद्यापीठं, आणि दोन्हींना माणसाचं नाव मागाहून जोडलेलं.

जर्मन विचारवंत अ‍ॅक्सेल होनेथ यांनी १९९२ मध्ये मांडलं की मान्यता नाकारली की माणूस दुखावतो आणि त्या दुखण्यातूनच संघर्ष उभा राहतो. हे आपल्याला पटतं. पण नाकारणाऱ्याचं काय?

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. लगेच दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून. म्हणून कुणी नामांतर म्हणतं, कुणी नामविस्तार. आपल्याकडे २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव लागलं, ‘उत्तर महाराष्ट्र’ही राहिलं. विस्तार तसाच. घर मात्र एकही जळलं नाही. (बहिणाबाईंचा संग्रहही त्या गेल्यावर, १९५२ मध्ये आला, तो विषय वेगळा.)

म्हणजे भांडण पाटीचं नव्हतंच. इथे नॅन्सी फ्रेझर जास्त उपयोगी पडतात. मान्यता हा त्यांच्या लेखी मनाच्या जखमेचा नव्हे, समाजातल्या दर्जाचा प्रश्न आहे. बहिणाबाईंच्या नावाने गावातली उतरंड हलली नाही. बाबासाहेबांच्या नावाने ती हलेल, असं अनेकांना वाटलं. होनेथ आपल्याला दुखावलेला माणूस दाखवतात. साडेपंधरा वर्षं ज्यांनी ते नाव अडवलं, त्यांना काय जाईल असं वाटत होतं, ते आपल्यालाच आपल्या गावांत शोधावं लागेल.